माहेरी मुक्काम, पैसे देऊन!

माहेरी जाताना बाई काय काय घेऊन जाते? भाच्यांसाठी खाऊ, वहिनीसाठी ब्लाउजपीस, भावासाठी एखादा शर्ट आणि येताना भरून आणायला चार-पाच रिकाम्या पिशव्या! गेली बावीस वर्षं मी हेच करत आले. यंदा फेब्रुवारीत मात्र माझ्या पर्समध्ये आणखी एक गोष्ट होती. पाकीट. त्यात अकरा हजार रुपये. माहेरी दोन रात्री राहण्याचे.

थांबा, लगेच नाक मुरडू नका. आधी सगळं सांगते.

माझं माहेर भोकरदन तालुक्यातलं. गावापासून पाऊण मैलावर आमचा मळा. एकूण चार एकर. त्यातल्या दोन एकरांत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, २००३ साली मोसंबी लावली. वीस बाय वीस फुटांवर मोजून दोनशे सोळा झाडं. आम्हा भावंडांपेक्षा त्यांना ती झाडं प्यारी होती असं आई म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

मग २०१२ चा दुष्काळ आला. जालना जिल्ह्यातल्या कोणाही बागवाल्याला हे साल विचारा, तो आधी गप्प बसेल. आमची विहीर दिवाळीतच तळाला गेली. अण्णांनी टँकरने पाणी घातलं, फांद्या छाटल्या, बुंध्याशी पाचट अंथरलं. उन्हाळा संपला तेव्हा ब्याण्णव झाडं हिरवी होती. बाकीची कुऱ्हाड लावून सरपणाला गेली. कितीतरी गावांत तर अख्ख्याच्या अख्ख्या बागा अशा चुलीत गेल्या. पुढे २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात बातमी आली, अण्णांनी ती कापून देवघरात ठेवली. पण मानांकन मिळालं म्हणून आमच्या एक एकराच्या बागेचा भाव काही वाढला नाही. व्यापारी येतो, बाग नजरेनं जोखतो, उक्ती मागतो. एखाद्या वर्षी फळगळ झाली की तेवढंही हाती लागत नाही.

अण्णा २०१८ मध्ये गेले. मळा धाकट्या भावाकडे आला. आता तिथे एक एकर मोसंबी, बांधाला सीताफळं आणि बोरी, विहिरीजवळ पेरूची पंधरा-वीस झाडं, आणि बाकी रानात मका, कपाशी, ज्वारी.

या बागेत तंबू ठोकायची कल्पना भावाची नव्हे, वहिनीची. तिच्या मुलाच्या शाळेतल्या गुरुजींचे शहरातले नातेवाईक एकदा हुरडा खायला आले आणि रात्री जायलाच तयार होईनात. 'इथंच झोपलो तर चालेल का?' म्हणून त्यांनी विचारलं. वहिनीने खळ्यावर सतरंज्या टाकून दिल्या. सकाळी जाताना त्यांनी भावाच्या हातात दोन हजार रुपये ठेवले. वहिनी मला फोनवर म्हणाली होती, "ताई, एवढे पैसे तर मोसंबीचं कॅरेट डोक्यावर घेऊन फिरलं तरी मिळत नाईत. मंग आपण हेच काहून करू नये?"

तिने बचत गटातून कर्ज काढलं. आधी काय केलं असेल? तंबू नाही घेतले. आधी संडास-न्हाणी बांधली. पक्की, आतून कडी असलेली, दिव्याची. "बाया येणार असतील तर पहिलं हे पायजे," एवढंच तिचं म्हणणं. मग तीन तंबू आले. माणशी एका रात्रीचे बाराशे रुपये, जेवणखाण धरून. लेकरांना निम्मे.

शेतावर पाहुणे ठेवणं हा तसा काही नवा उद्योग नाही. इटलीने त्यासाठी १९८५ मध्येच कायदा केला. आपल्याकडे बारामतीजवळ २००५ च्या सुमाराला कृषी पर्यटनाने बाळसं धरलं, आणि २०२० मध्ये राज्य सरकारने कृषी पर्यटन धोरण आणलं. किमान एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्यालाही पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. म्हणजे आमच्यासारख्या टीचभर बागेलाही दार उघडं आहे. पण या दारातून आत जाताना एक कागद लागतो. त्याच्याकडे मी नंतर येते.

शाळेतल्या माझ्या दोन मैत्रिणी कधीपासून मागे लागल्या होत्या, मुलांना एकदा शेत दाखवू या म्हणून. ठरलं. आम्ही तिघी, आमची तीन मुलं, दोन रात्री. मैत्रिणी त्यांचे पैसे देणार हे उघड होतं. प्रश्न माझा होता. मी कशाला द्यायचे? माझं तर माहेर! पण मैत्रिणींचे घ्यायचे आणि माझं नि माझ्या लेकीचं ताट फुकटात वाढून घ्यायचं हेही मनाला पटेना. वाढणारी तर एकच. शेवटी सगळ्यांचे पैसे एकत्र केले, वर थोडी भर घालून पाकिटात ठेवले, आणि सिल्लोडच्या रस्त्याने निघालो.

पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. गाडीतून उतरताच माझी मुलगी म्हणाली, "आई, कसला वास येतोय?" मोसंबीचा फुलोरा! शहरात वाढलेल्या लेकरांना मोसंबी म्हणजे रसाची गाडी. तिला पांढरं फूल येतं आणि ते असं घमघमतं, हे त्यांना कुठून माहीत असणार? भावाने मुलांना समजावून सांगितलं. हा आंबिया बहार. डिसेंबरात झाडाचं पाणी महिना-दीड महिना तोडायचं. याला ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडतात, काही गळतात, झाड अगदी सुकल्यागत दिसतं. मग जानेवारीत खत घालून पाणी सोडायचं, ताण तोडायचा. की झाड फुलून येतं. ही फुलं दिवाळीच्या आगेमागे फळं होऊन उतरतात.

"म्हणजे आता मोसंबी नाही?" मैत्रिणीचा मुलगा हिरमुसला.

"पेरू तोडा, बोरं वेचा. पण फुलावरच्या झाडाला हात लावायचा नाई," वहिनीने बजावलं. "एक फूल झडलं की एक फळ कमी." मग तिने बाकीचे नियम सांगितले. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. बूट-चपला घालण्याआधी झटकायच्या. तंबूत खाऊ ठेवायचा नाही, मुंग्या येतात आणि मुंग्यांमागे बाकीचेही. तंबूची चेन कायम ओढलेली. मोठ्याने गाणी लावायची नाहीत. तंबू झाडांखाली न ठोकता सारवलेल्या खळ्यावर का ठोकलेत हेही तिने सांगितलं. झाडाखाली ठिबकच्या नळ्या, ओल आणि दिवसभर मधमाश्या. इतकं मुद्देसूद बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते. घरी ती स्वयंपाकघराच्या दारातून दोन शब्द बोलते, तीच का ही?

संध्याकाळी आगटी पेटली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजून, हातावर चोळून गरम हुरडा. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. नंतर जेवायला बाजरीची भाकरी, भरीत आणि ठेचा. आमच्या तालुक्यात ठेच्याला तोटा नाही, पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीबाजार नावाजलेला. मैत्रिणीने बेसावधपणे बोटभर ठेचा खाल्ला आणि पुढची दहा मिनिटं ती फक्त दही खात होती!

रात्री साडेनऊला भाऊ बॅटरी आणि घोंगडं घेऊन उठला. त्या आठवड्यात शेताची लाइट रात्रीची होती. आमच्याकडे कृषिपंपांना एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री वीज मिळायची पाळी असते. तो मक्याला पाणी द्यायला गेला. जाता जाता रोही आणि रानडुकरं हाकायला पत्र्याचा डबाही घेतला. ही आमच्याकडची जागल. लहानपणी अण्णा जागलीला जायचे, तेव्हा मी त्यांच्यामागे लागायचे. 'मलाही न्या ना मळ्यात झोपायला.' उत्तर ठरलेलं. 'पोरीबाळींचं काम नाही ते.' भाऊ मात्र आठव्या वर्षापासून त्यांच्याबरोबर माळ्यावर झोपायचा, आणि सकाळी येऊन मला चांदण्यांच्या गोष्टी सांगायचा.

आता पंचेचाळिसाव्या वर्षी मी त्याच मळ्यात झोपणार होते. मैत्रिणी मुलांना घेऊन दोन तंबूंत शिरल्या. तिसरा माझा. वहिनी भांडी आवरून गावातल्या घराकडे निघाली.

"तू कुठे चाललीस? इथंच झोप माझ्याजवळ."

"मी? इथं?" ती हसली. "पाहुण्यांच्या तंबूत मी काय करू?"

"तू कधीच झोपली नाहीस यात?"

"तंबूत काय, मी तर मळ्यातच कधी झोपले नाई, ताई. वीस वर्षं झाली लग्नाला. निंदलं, खुरपलं, फळं तोडली, पाणी दिलं. दिवस मावळला की घरी. रात्रीचा मळा म्या पाह्यलाच नाई."

मी तिचा हात धरून तिला आत ओढलं. पोरं सासूबाईंजवळ होतीच. म्हणजे माझ्या आईजवळ.

झोप दोघींनाही लागेना. तंबूची खिडकी उघडी ठेवली होती. बाहेर फुलांचा वास दिवसापेक्षा दाट झाला होता. लांबून मोटारीची घरघर, मध्येच भावाचा डबा बडवल्याचा आवाज. वहिनी आडवी पडून वर पाहत राहिली. मग हळूहळू बोलायला लागली.

नोंदणी करायची तिच्या मनात आहे. नोंदणी असली तर फलक लावता येतो, शाळांच्या सहली मागता येतात, बँकेत जाऊन बोलता येतं. तिने कागद काढायला घेतले. पहिलाच कागद सातबारा. सातबाऱ्यावर नाव भावाचं. मग अर्जही भावाच्या नावाने, खातंही भावाचं. "कर्ज माझ्या नावावर, ताई. बचत गटाचं. हप्ता मी भरते. आन् मालक ते. पाहुणे जाताना पैसे बी त्यांच्याच हातात देतात. मला म्हणतात, वहिनी, ठेचा एक नंबर!"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळेच मला जास्त लागलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "झाडाचा ताण तरी दीड महिन्यानं तुटतो."

मी काहीच बोलू शकले नाही. कारण त्या सातबाऱ्यात माझाही हात आहे. अण्णा गेल्यावर भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला होता, आणि मी ते वाचलंही नाही, सही करून मोकळी झाले. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला हे मी शाळेत मुलींना शिकवते, बरं का! पण माहेर तुटायला नको, म्हणून सही. त्याचं मला आजही फार दुःख नाही. पण सही करताना 'माझा हिस्सा वहिनीच्या नावावर कर' असं म्हणायला माझी जीभ का रेटली नाही? सुचलंच नाही. माझ्या मनात माहेर म्हणजे अण्णा, आई आणि भाऊ. वहिनी म्हणजे माहेरी गेल्यावर ताट वाढणारी.

पहाटे साडेचारला जाग आली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. बाहेर आले. खळ्याच्या कडेला चूल पेटलेली, पाणी तापत होतं, आणि वहिनी दूध काढून येत होती. त्या दिवशी मी गंमत म्हणून तिच्या मागेमागे राहिले. नऊ माणसांचा चहा दोनदा, नाष्टा, आंघोळीची पाणी, स्वयंपाक, मुलांना बोरीकडे नेणं, संडास धुणं, तंबू झाडणं, दुपारी ठिबकच्या नळीतला कचरा काढणं, संध्याकाळी पुन्हा चूल. रात्री दहाला तिने पदराला हात पुसले. बावीस वर्षं मी माहेरपणाला येतेय आणि 'काय बाई आराम मिळतो माहेरी' म्हणून सासरी सांगतेय. तो आराम कोणाच्या कमरेतून येत होता, ते मी त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तास काढून मुलांना भोकरदनला घेऊन गेलो. केळणेकाठचं हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचं नाव कोरलेलं आहे. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीची मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीत, पाँपेईच्या अवशेषांत मिळाली होती. ज्वालामुखीने ते शहर गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये! म्हणजे आमच्या भागात दूरदूरचे व्यापारी येत-जात होते, मुक्काम करत होते, दोन हजार वर्षांपूर्वीपासून. मुलांना हे फार आवडलं. माझी मुलगी म्हणाली, "त्या मूर्तीतल्या बाईचं नाव काय?" ते कोणालाच माहीत नाही. दागिने घडवणाऱ्याने बारीकसारीक कोरलेत, नाव नाही कोरलं. वहिनी सोबत होती. ती नुसती माझ्याकडे बघून हसली.

निघायची वेळ आली. ओसरीवर सगळे बसलेले. मी पाकीट काढलं आणि भावाच्या पुढे केलेला त्याचा हात ओलांडून वहिनीच्या हातात दिलं.

भाऊ उठून उभाच राहिला. "ताई, हे काय? माहेरी पैसे देऊन राहणार तू? लोक काय म्हणतील? अण्णा असते तर..."

आईचेही डोळे भरले. "परकी केलीस गं आम्हाला."

माझ्या पोटात गोळा आला. खरंच चुकलं की काय आपलं? मी कसंबसं म्हटलं, "अण्णांच्या घरी मी फुकट राहिले, पुढेही राहीन. पण मी या खेपेला घरात राहिले नाही. बागेत राहिले, हिच्या तंबूत. हा तिचा धंदा आहे. आपणच फुकटात मोडायचा का?"

कोणी बोलेना. मग वहिनी आत गेली. मला वाटलं, पाकीट ठेवायला किंवा रडायला. ती बाहेर आली ते एक शंभर पानी वही घेऊन. मांडी घालून बसली, पैसे मोजले, वहीत लिहिलं. माझं नाव. तीन मोठी, तीन लहान, रात्री दोन. दहा हजार आठशे जमा. आणि दोनशे रुपये माझ्या हातात परत ठेवले.

"जास्तीचे आहेत. हिशोब म्हणजे हिशोब."

त्यानंतर ती पुन्हा आत गेली आणि कुंकवाचा करंडा, नारळ, ब्लाउजपीस घेऊन आली. माझी ओटी भरली. पिशव्यांत पेरू, बोरं, भुईमुगाच्या शेंगा, तिखटाची पुडी कोंबली. मी पर्सकडे हात नेलेला पाहून म्हणाली, "ह्याचे नाईत पैसे. ते गिऱ्हाइकाचं होतं. हे माहेरचं."

भावाला मी गाडीजवळ गाठलं. त्याला सांगितलं, १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायांचं मोठं अधिवेशन झालं, त्यानंतर शेतकरी संघटनेच्या लक्ष्मी मुक्तीच्या हाकेला ओ देऊन हजारो शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा केला. १९९२ मध्ये सरकारनेही नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय केली. त्याला आता तीस वर्षं उलटून गेली. "तू तिला काही देत नाहीस. ती जे करते ते कागदावर लिहितोयस, इतकंच."

तो तोंड फुगवून होता. "बघू," एवढंच म्हणाला. आमच्या घरातल्या पुरुषांचं 'बघू' म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको!

परतताना राजूरच्या गणपतीला थांबलो. मैत्रिणी म्हणाल्या, पुढच्या वर्षी फळं असताना येऊ. मी म्हटलं, याच. पण अशा कुठल्याही बागेत राहायला जाल तेव्हा एक करा. जेवणाची तारीफ जिची करता, पैसेही तिच्याच हातात द्या. मालकाला राग येईल, येऊ द्या. आणि एखाद्या रात्री तिलाही तंबूत झोपायला बोलवा.

मार्चच्या मध्याला भावाचा फोन आला. फुलं झडून आता हरभऱ्याएवढी फळं धरलीत, गळ फारशी नाही, असं सांगत राहिला. फोन ठेवता ठेवता सहज विचारल्यासारखं म्हणाला, "ताई, ते तू सांगत होतीस ना, नाव लावायचं... त्याला कागद कोणकोणते लागतात गं?"

मागून वहिनीचा आवाज ऐकू आला. "शनिवारी सहा माणसं येतायत म्हणावं. लवकर ठेवा फोन."